नळीवरचा आकडा आणि नळीचे माप

घरी शिशाच्या गोळ्या ओतू लागलेले नेमबाज मला एक प्रश्न हमखास विचारतात. रायफलीवर कॅलिबर कोरलेले असते, साच्यावर गोळीचा व्यास लिहिलेला असतो, मग नळी पुन्हा मोजण्याची खटपट कशासाठी? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण याचे उत्तर मी स्वतः बराच काळ भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

नळीवर कोरलेला आकडा हे काडतुसाचे नाव असते. त्या विशिष्ट नळीचे ते माप नव्हे. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात आणि दोन खाचांच्या मधला भाग उंचवट्यासारखा राहतो. समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर हा बोअरचा व्यास, तर खाचांच्या तळांना स्पर्श करणाऱ्या वर्तुळाचा व्यास हा खाचेचा व्यास होय. उदाहरणार्थ, ०.३०३ या ब्रिटिश काडतुसाच्या नावातला आकडा उंचवट्यांमधल्या अंतराचा, इंचांतला आहे. हे काडतूस झाडणाऱ्या जुन्या ली-एन्फिल्ड रायफलींमध्ये खाचेचा व्यास ०.३१२ इंचापासून ०.३१६ इंचापर्यंत कुठेही आढळतो. ओतीव गोळीचे सारे भवितव्य या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते. गोळीने खाचेचा तळ पूर्ण भरला नाही, तर तापलेला वायू राहिलेल्या फटीतून पुढे निसटतो, जाताना गोळीची बाजू कापत आणि वितळवत जातो, आणि ते शिसे नळीच्या पोलादाला चिकटते. त्यामुळे गोळी खाचेच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक ते दोन हजारांशांनी मोठी असावी, हा सर्वसाधारण नियम आहे.

माझ्या रायफलीत दर वीस-पंचवीस बारांनंतर चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या) पुढच्या भागात शिशाचा करडा थर दिसू लागे आणि लक्ष्यावरचे बार विस्कटत. शिसे मऊ आहे म्हणून असे होते, अशी माझी ठाम समजूत होती. मी शिसे कठीण करणाऱ्या अँटिमनी या धातूचे प्रमाण वाढवत नेले, वंगण बदलले, दारू कमी केली; थर मात्र वाढतच गेला. शेवटी नळी मोजली तेव्हा खाचेचा व्यास ०.३१४ इंच निघाला, आणि मी ०.३१२ इंचाच्या गोळ्या झाडत होतो. माझ्या उपायांनी दोष वाढत होता, कारण मऊ शिशाची गोळी मागून येणाऱ्या दाबाने थोडी फुगून फट भरू शकते; गोळी कठीण केली आणि दाबही उतरवला की तेवढीही शक्यता उरत नाही. ०.३१६ इंचाच्या गोळ्या वापरू लागल्यापासून, त्याच मूळच्या मिश्रधातूत, नळी स्वच्छ राहते. म्हणून कठीणपणाची चर्चा मी नेहमी मापानंतर करतो.

मोजण्याची रीत जुनी आणि साधी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढून ठेवावा, नळी आधीच्या शिशापासून आणि तांब्यापासून पूर्ण साफ करावी आणि आतून तेलाचा पातळ हात फिरवावा. शुद्ध शिशाचा, खाचेच्या अपेक्षित व्यासापेक्षा किंचित मोठा, आखूड तुकडा घ्यावा. यालाच स्लग म्हणतात. शिसे शुद्धच हवे, कारण कठीण मिश्रधातू नळीतून बाहेर पडल्यावर थोडा फुलतो आणि माप खोटे ठरते. स्लग नळीच्या तोंडात लाकडी हातोड्याने बसवावा आणि पितळी सळईने हलक्या, सारख्या ठोक्यांनी पुढे न्यावा. लाकडी काठी वापरू नये. ती तिरकी चिरते, दोन्ही तुकडे एकमेकांत पाचरीसारखे अडकतात आणि नळी मोकळी करणे फार कठीण होते.

स्लग पुढे सरकत असताना हाताला जे जाणवते, त्याकडे माझ्या मते आकड्याइतकेच लक्ष द्यावे. एखाद्या जागी तो अडखळतो, पुढे एकदम सैल सुटतो. अशी आवळ जागा पुष्कळदा नेम धरण्याची दर्शिका बसवण्यासाठी नळीला बाहेरून खाच पाडलेली असते तिथे सापडते. आवळ जागेतून गेलेला स्लग तिथल्या मापाचा होऊन बाहेर येतो आणि पुढच्या सैल भागाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून मी एक स्लग तोंडाकडून थोडा आत नेऊन परत काढतो आणि दुसरा चेंबरच्या बाजूने तसाच घेतो. तिकडचे माप मोठे असले, तर गोळीचा व्यास त्या मापावरून ठरवावा.

मोजायला मायक्रोमीटरच हवा, आणि तो इंचाचा दहाहजारावा भाग दाखवणारा हवा. कॅलिपरच्या धारदार ओठांनी मऊ शिसे दबते आणि एक-दोन हजारांशांची चूक सहज होते. आपण शोधत असलेला फरक तेवढाच असतो. स्लगवर सर्व काही उलटे उमटते: नळीतली खाच स्लगवर उंच दिसते, म्हणून खाचेच्या व्यासासाठी उंच भागांवर माप घ्यावे. ली-एन्फिल्डच्या बहुतेक नळ्यांना पाच खाचा असतात, तिथे वेगळीच अडचण येते. स्लगवरच्या उंच भागासमोर खोलगट भाग येतो आणि साध्या मायक्रोमीटरवर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बैठकीचा मायक्रोमीटर मिळतो; पाच खाचांसाठी त्या बैठकीचा कोन १०८ अंश असतो. तो नसेल, तर स्लगभोवती जाडी ठाऊक असलेला पातळ धातूचा पत्रा घट्ट गुंडाळून मोजावे आणि पत्र्याची दुप्पट जाडी वजा करावी. हे माप थोडे ढोबळ असते, पण साध्या मायक्रोमीटरच्या फसव्या आकड्यापेक्षा पुष्कळ बरे.

साच्यावरच्या आकड्याविषयीही हेच म्हणावे लागेल. एकाच साच्यातून ओतलेली शुद्ध शिशाची गोळी अँटिमनीयुक्त मिश्रधातूच्या गोळीपेक्षा लहान निघते, कारण थंड होताना शिसे अधिक आकसते. आपल्या मिश्रधातूच्या दहा-बारा गोळ्या ओतून, पूर्ण थंड झाल्यावर, प्रत्येकीचा व्यास फिरवून दोन-तीन ठिकाणी मोजावा. गोळी मोठी असेल तर सायझिंग डायमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी छिद्रातून, दाबून काढून ती लहान करता येते. लहान निघालेल्या गोळीला मात्र दुसरा साचाच लागतो.

मोठ्या गोळीलाही मर्यादा आहे, आणि इथे घाई करू नये. गोळी बसवल्यावर पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याचा, गळा फुगतो. तो चेंबरमध्ये घट्ट बसला तर गोळी सोडायला त्याला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. म्हणून नव्या व्यासाचे पहिले काडतूस मी दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) न घालता तयार करतो, त्याचा गळा मोजतो आणि त्याच चेंबरमध्ये झाडलेल्या पुंगळीच्या गळ्याच्या बाहेरच्या मापाशी ताडून पाहतो. दोहोंत निदान दोन हजारांशांचे अंतर दिसले, तरच पुढच्या गोळ्या त्या व्यासाच्या करतो.