तुम्ही विचारलंत म्हणून : फिगरसाठी ब्रश कोणता घेऊ?

प्लास्टिकच्या किटमधून रणगाडा, तोफ, विमान यांच्या छोट्या प्रतिकृती अगदी सफाईनं करणारी माणसं १/३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, शिपायापाशी (त्याला आम्ही फिगर म्हणतो) येऊन अडतात आणि मग विचारतात, "फिगर रंगवायला सुरुवात करायचीय, ब्रश कोणता घेऊ?" इतकी वर्षं मी एका ओळीत उत्तर देत आलो: एक नंबरचा, गोल, चांगल्या टोकाचा. उत्तर चूक नाही. पण तो ब्रश घेऊनही शिपायाचा चेहरा लिंपल्यासारखाच दिसतो आणि सगळे म्हणतात, माझा हात थरथरतो. हाताचा दोष फार थोडा असतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ब्रशचं आधी उरकतो. तीन शून्यांचा बारीक ब्रश घेऊ नका. त्याच्या पोटात रंग मावतो थेंबभर, आणि आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावरच सुकतो. दुकानात ब्रश पाण्यात बुडवून झटका. केस एका टोकाला जुळले तर घ्या, फाटले तर तिथेच ठेवा. रंग पत्र्याच्या नळीपर्यंत चढू देऊ नका. ब्रशबद्दल एवढंच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. एप्रिलची दुपार, गच्ची, हवा चाळिसाच्या पुढे. मी फिगरवर स्प्रेनं प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारत होतो. डब्यावर लिहिलेलं असतं की २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. ते तंतोतंत पाळलं. फवारा नीट बसला, रंग एकसारखा राखाडी दिसला. संध्याकाळी भिंगाखाली धरलं तर गालावर, हेल्मेटवर, खांद्यावर सगळीकडे रवा. झालं होतं असं, की गरम हवेत फवाऱ्यातलं द्रावक वाटेतच उडालं आणि थेंब अर्धे सुकून पोचले. ओला थेंब पृष्ठभागावर पसरून सपाट होतो, सुकलेला कणासारखा चिकटतो. रणगाड्याच्या पत्र्यावर हा खरखरीतपणा खपून जातो, कित्येकदा शोभतोही. पण १/३५ चं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम साडेसहा मिलिमीटर. त्यावर ०.१ मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या माणसाच्या गालावर साडेतीन मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. वरून कितीही पातळ रंग द्या, तो दाणा उठूनच दिसतो.

तिथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एनसी थिनर (लोखंडावरच्या रंगासाठीचं जहाल द्रावक) आणला, कापसाचा बोळा बुडवला आणि चेहरा पुसला. प्रायमर निघाला, त्याबरोबर नाक निघालं, मिशी निघाली, हनुवटीखालचा पट्टा गालात विरघळला. दुकानदारानं "रंग निघतो" असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं; लोखंडावरचा निघतोच. किटचं प्लास्टिक असतं पॉलिस्टायरीन. एनसी थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांत ते विरघळतं. किटचे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या तुकड्यावर आधी थेंब टाकून पाहायचं, हे साधं पथ्य पाळलं नाही. प्रायमर काढायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, १५-२० मिनिटं भिजवा आणि जुन्या मऊ टूथब्रशनं घासा. अ‍ॅक्रिलिक प्रायमर सुटतो. लॅकरचा (जहाल द्रावकात कालवलेला) पुरता सुटेलच असं नाही. तेव्हा दुसरं डोकं बसवलेलं बरं.

"स्प्रे प्रायमरशिवाय फिगर करू नका" हे मीच कित्येकांना बजावलं होतं. ते परदेशी सूचना वाचून बोललेलं होतं, मे महिन्यातला सोलापूर पाहून नव्हे. आता सांगतो, पहिली फिगर ब्रशनं द्यायच्या अ‍ॅक्रिलिक प्रायमरनं करा: दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास, नंतर रात्रभर वाळू द्या. तो कॉलरमध्ये आणि कानामागे साचतो. ओला असतानाच कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. तरी कबूल करतो, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या सकाळी मारलेल्या स्प्रेइतका गुळगुळीत पृष्ठभाग ब्रशनं मला अजून मिळालेला नाही. उन्हाळ्यात मारायचाच झाला तर सकाळी सहाला, १५ सेंटीमीटरवरून, फवारा फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत. प्रायमरच्या आधी साच्याच्या दोन भागांच्या जोडावर उठलेली रेघ चाकूच्या पाठीनं खरवडून काढा आणि फिगर साबणाच्या पाण्यानं धुवा. रेझिनची असेल तर धुणं टाळूच नका, साच्याचं तेलकट औषध तिला लागलेलं असतं.

रंग कालवायला बोअरचं पाणी वापरू नका. क्षारामुळे पातळ थराच्या कडेला पांढरं वर्तुळ उमटतं आणि लोक रंगाला नावं ठेवतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. ओली पॅलेट, म्हणजे कालवलेला रंग सुकू न देणारी पाटी, विकत आणायची गरज नाही. चपट्या डब्यात पुष्कळदा धुतलेल्या पांढऱ्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा ठेवा, पाणी घाला, वर बेकिंगचा बटर पेपर अंथरा; मेणाचा कागद नको, त्यातून ओल वर येत नाही. पंखा बंद ठेवा. पातळपणा वर्तमानपत्रावर तपासा: एक फटकारा मारल्यावर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. असे तीन थर द्या. एका थरात झाकायला गेलात की लिंपण झालंच.

कातडीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. किटच्या कागदावरचा 'फ्लेश' गोऱ्या माणसाचा असतो. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेलेले नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीचे होते. त्यांच्या पलटणीतला शिपाई करायचा आणि त्याला गुलाबी गाल द्यायचे, हे मला बघवत नाही. बर्न्ट सिएना तीन भाग, यलो ऑकर दोन, पांढरा एक. सावलीला त्यातच बर्न्ट अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन. उजेडाला ऑकर वाढवा. नुसता पांढरा घातलात तर गव्हाळ कातडी राखट पडते, आजारी दिसते.

डोळ्यांना सगळे घाबरतात. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते. इथे मी ती आधी करतो, कारण रेघ घसरली तर भोवतालच्या कातडीच्या रंगानं कापून घेता येते. खोबणीत गडद तपकिरी, त्यावर मळकट पांढरा, मग वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत एक उभी रेघ. बुबुळ गोल ठिपका करून मध्ये सोडलंत तर शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. १/७२ ला डोळे काढूच नका, खोबणीतली सावली पुरते.

राहिला प्रश्न अ‍ॅक्रिलिक की ऑइल. नवख्यानं अ‍ॅक्रिलिकच घ्यावं, असं मी ठासून सांगत आलो. पण ज्या हवेत अ‍ॅक्रिलिक ब्रशवरच सुकतं, तिथे तासन् तास ओलं राहणारं तेल नवख्याला उलट सोपं पडतं. पुरत्या वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर ते चुकलं तर टर्पेंटाइननं पुसून पुन्हा करता येतं. मग मी इतकी वर्षं चुकीचं सांगितलं का? अजून ठरवता आलेलं नाही. तेलाची चकाकी आणि वाट पाहणं हेही नवख्याला नकोसं होतं. चकाकी कमी करायला रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवा, जादा तेल पुठ्ठा शोषतो. मग डोकं तारेवर टोचून उलट्या पेल्याखाली ठेवा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्या तेलात सुताचा तंतू बसला तर तो रंगासकटच निघतो.