मागे पगार कोणाचा? कार्डांची सातवी नोंद

अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या संघांची मी कार्डं करतो. मागच्या नोंदीनंतर नऊ कार्डं वाढली. एकूण ४३. बुटांचा खोका कधीच भरला होता, म्हणून जुन्या बाजारातून पत्र्याचा दोन कप्प्यांचा ड्रॉवर उचलून आणला. घरी आणून पुसत होतो तेव्हा टेबलावर अर्धवट पडलेलं कार्ड होतं टोनावांडा कार्डेक्सचं. म्हणजे कार्डं ठेवायच्या कपाटाचं नाव लावून खेळलेल्या संघाचं! योगायोग म्हणून सोडून द्यायला हरकत नाही, पण मला त्या रात्री दुसरं काही सुचलं नाही.

नवीन मंडळींसाठी पद्धत थोडक्यात: कार्डाच्या दर्शनी बाजूला संघाचं नाव, गाव, वर्षं. मागच्या बाजूला एकच प्रश्न, खेळाडूंच्या घरची चूल कोणाच्या पैशावर पेटत होती? जिंकले किती, हरले किती हे कुठेही मिळतं. मला हे दुसरं जास्त खुणावतं. त्यामुळे या खेपेला फक्त कारखान्यांचे आणि धंदेवाल्यांचे संघ घेतले.

तर कार्डेक्स. टोनावांडा हे न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळचं गाव. तिथे जेम्स रँड धाकटे यांची अमेरिकन कार्डेक्स ही कंपनी होती. हिशेबाची, गिऱ्हाइकांची कार्डं एका नजरेत दिसावीत अशी कपाटं ती बनवायची. १९२१ मध्ये गावचा संघ हे नाव घेऊन लीगमध्ये (म्हणजे आजच्या एनएफएलमध्ये, अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) आला, ६ नोव्हेंबरला रॉचेस्टर जेफरसन्सकडून ४५–० असा धुतला गेला आणि लीगमधला त्याचा खेळ तिथेच आटोपला. एक सामना, शून्य गुण. लीगच्या इतिहासात याच्याइतका अल्पायुषी संघ दुसरा नाही.

कंपनीचं मात्र छान चाललं. १९२७ मध्ये तिचा धंदा रेमिंग्टन टाइपरायटरशी जोडला गेला आणि रेमिंग्टन रँड उभी राहिली. टायपिंगच्या क्लासात यंत्र बडवलेल्यांना रेमिंग्टन कोण हे सांगायला नको. मराठी टंकलेखनाच्या एका कळफलकाला आपण आजही रेमिंग्टनच म्हणतो. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत दुर्दैवी संघाशी आपल्या बोटांचं इतकं जवळचं नातं निघेल असं वाटलं नव्हतं. हे कार्ड ड्रॉवरमध्ये सगळ्यांत पुढे लावलंय.

पुढचं कार्ड कोलंबस पॅनहँडल्स, माझं सध्याचं सर्वांत लाडकं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पॅनहँडल विभागाच्या कोलंबसमधल्या वर्कशॉपमधली ही माणसं. आठवडाभर बॉयलर ठोकायचे आणि रविवारी माणसं. संघाचा व्यवस्थापक जो कार, तोही रेल्वेचाच. त्याच्या लक्षात आलं, की रेल्वे कामगारांना फुकट पास असतो. मग आपलं मैदान भाड्याने घेऊन प्रेक्षकांची वाट कशाला पाहायची? दुसऱ्याच्या गावी जायचं, तिकिटाला दमडी न मोजता. त्यामुळे हा संघ जवळजवळ कायम बाहेरगावीच खेळला. कारण पराक्रमाचं नाही, पासाचं! रेल्वेत नोकरी केलेला माणूस ज्यांच्या घरात असेल, त्यांना या डोक्याची किंमत लगेच कळेल. हाच जो कार १९२१ मध्ये लीगचा अध्यक्ष झाला तो १९३९ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीवर होता.

संघाचा कणा म्हणजे नेसर बंधू. एकाच घरातले इतके भाऊ, की नावं लिहायला कार्ड पुरलं नाही, दुसरं जोडावं लागलं. त्यातला टेड आणि त्याचा मुलगा चार्ली १९२१ मध्ये एकत्र खेळले. लीगमध्ये बाप-लेक एकाच संघातून मैदानात उतरल्याचं हे एकमेव उदाहरण.

३ ऑक्टोबर १९२० रोजी हेच पॅनहँडल्स डेटनला गेले आणि डेटन ट्रँगल्सकडून १४–० असे हरले. लीगमधल्या दोन संघांचा आपसातला सामना म्हणून याचा मान पहिल्यांत धरतात. त्यातला पहिला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) लू पार्टलोचा. ट्रँगल्सच्या नावात भूमितीचं काही नाही. डेटनमधल्या तीन कारखान्यांनी मिळून हा संघ पोसला म्हणून त्रिकोण. थोडक्यात, ती लढत रेल्वे विरुद्ध कारखाना अशी होती. आपल्याकडे क्रिकेटच्या टाइम्स शील्डला बँका आणि कंपन्या भिडतात ना, तसलीच.

डिकेटर स्टॅलीजबद्दल बहुतेकांना माहीत आहे, म्हणून झटपट. इलिनॉयमधला मक्याच्या स्टार्चचा कारखाना, मालक ए. ई. स्टॅली. त्याने १९२० मध्ये जॉर्ज हॅलसला कामावर घेतलं ते संघ बांधण्यासाठी. खेळाडू कारखान्याच्या पगारावर, आणि सरावाचा वेळही पगारी. वर्षभरात मंदी आली. स्टॅलीने हॅलसला संघ शिकागोला न्यायला सांगितलं, वर ५,००० डॉलर दिले. अट एकच, आणखी एक मोसम स्टॅलीज हेच नाव ठेवायचं. आणि त्याच मोसमात संघ अजिंक्य ठरला. जाहिरात म्हणून याहून स्वस्त सौदा मला तरी माहीत नाही. १९२२ मध्ये नाव बदललं. शिकागोच्या कब्ज या बेसबॉल संघाच्या मैदानावर खेळायचं होतं, ते अस्वलाची पिल्लं तर हे धिप्पाड गडी अस्वलं, म्हणून बेअर्स. आजही त्यांच्या मैदानावर नाचणाऱ्या अस्वलाचं नाव स्टॅली आहे. स्टार्च काही पूर्ण धुतला गेला नाही.

विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावच्या पॅकर्सचं कार्ड मी दोनदा लिहिलं. पहिल्या खेपेला मागच्या बाजूला फक्त इंडियन पॅकिंग कंपनी असं होतं. १९१९ मध्ये संघ काढणारा कर्ली लॅम्बो तिथे नोकरीला होता आणि कंपनीने जर्सीसाठी ५०० डॉलर दिले, एवढं ठीक. पण ही डबाबंद मांसाची कंपनी लवकरच अ‍ॅक्मे पॅकिंगने घेतली आणि १९२१ मध्ये जर्सीवर अ‍ॅक्मे पॅकर्स असं झळकत होतं. पुढे तेही सरलं. १९२३ मध्ये गावकऱ्यांना ५ डॉलरला एक असे १,००० शेअर विकून संघ उभा केला, आणि त्यावर लाभांश नाही म्हणजे नाही. त्यामुळे या कार्डाच्या मागे आता तीन ओळी आहेत आणि तिसरी आहे: गाव.

ऊरांग इंडियन्सचं कार्ड लिहिताना हात थोडा अडखळला. ओहायोतलं लारू, हजाराच्या आतली वस्ती. लीगमध्ये संघ असलेलं याहून छोटं गाव कधी झालं नाही. तिथे वॉल्टर लिंगोचा एअरडेल कुत्र्यांचा मोठा धंदा होता. कुत्री खपावीत म्हणून त्याने १९२२ मध्ये संघ काढला. खेळाडू सगळे अमेरिकेतले मूळनिवासी, प्रशिक्षक स्वतः जिम थॉर्प, त्यांच्यातलाच गाजलेला खेळाडू. संघाची प्रवेश फी १०० डॉलर आणि लिंगोचं एक कुत्रं १५० डॉलर! गावात धड मैदान नव्हतं, म्हणून घरचे सामने शेजारच्या मॅरियनला. मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती घ्यायची नाही. नाच करायचे, टॉमाहॉक (छोट्या कुऱ्हाडी) फेकायचे, कुत्र्यांच्या कसरती दाखवायच्या. लोक त्यालाच गर्दी करत. दोन मोसमांत सामने जिंकले चार, आणि १९२३ नंतर दुकान बंद. थॉर्प आणि त्याच संघातला जो गायन हे दोघेही पुढे कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. त्यांच्याकडून कुत्र्यांची जाहिरात करून घेतली, हे गमतीची गोष्ट म्हणून सांगितलेलं मी खूप ठिकाणी वाचलं. मला हसू आलं नाही. कार्डाच्या मागे ‘कुत्री’ असा एकच शब्द लिहून ठेवून दिलं.

आता चुकीची कबुली. पाचव्या नोंदीत मी पॅकर्सना सर्वांत जुना संघ म्हणून बसलो होतो. तो मान कार्डिनल्सचा. १८९८ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात सुरू झालेला संघ. पुढे १९६० मध्ये सेंट लुईस, १९८८ मध्ये फीनिक्स. वर त्या कार्डावर मी हौसेने कार्डिनल नावाचा लाल पक्षी काढला होता. तोही चूक. चालक ख्रिस ओब्रायन याने १९०१ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या वापरलेल्या जर्सी विकत घेतल्या. मरून रंग विटून गेलेला. कोणी नाक मुरडलं तेव्हा तो म्हणाला, हा मरून नाही, कार्डिनल रेड आहे! नाव रंगाचं, पक्षी नंतर येऊन बसला.

पक्षी खोडरबराने घालवला. विटका मरून काही केल्या जमेना. शेवटी भाचीने तेलखडूने गडद रंग भरला आणि ओल्या बोटाने पुसून काढला. तो लागला बरोबर.