पॅड बॅगेत होते, बोटं नव्हती

६ सप्टेंबर, रात्री साडेदहा

आज परत बर्फाचा उद्योग केला, म्हणजे गारठलेल्या बोटांनी सायकलचे ब्रेक पॅड बदलायचा सराव. बादलीत पाणी, त्यात फ्रीजमधले सगळे ट्रे उलटे केले, ते पुरेनात म्हणून कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून पिशवीभर बर्फ आणला. मागच्या शनिवारी हा शहाणपणा नव्हता केला म्हणून तेव्हा फक्त पाणी गार झालं होतं, आज खरं झालं. बाथरूमभर बोंबलाचा वास. आई म्हणाली, "श्रावण संपला म्हणून काय बादलीत मासे ठेवणार आहेस का?"

मनगटापर्यंत दोन्ही हात आत. पहिलं मिनीट नुसत्या शिव्या येतात तोंडात. दुसऱ्यात हाडं ठणकतात. मग हळूहळू ठणका कमी होतो आणि वाटतं, अरे जमतंय की, सवय झाली. सवयबिवय काही नाही, बोटं बधिर होतात. पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही आणि घरात कोणी नसताना तर करतच नाही. हात बाहेर काढले की लगेच पाटावर बसायचं, शेजारी सायकल उलटी टाकलेली, आणि पुढच्या ब्रेकचे पॅड, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलायचे. म्हणजे चाक काढायचं, पॅडची पिन अडकवणारी ती केसाएवढी क्लिप ओढायची, तीनच्या ॲलनकीने पिन फिरवायची, जुने पॅड बाहेर, टायर काढायच्या पट्टीने पॅड दाबणारे पिस्टन आत ढकलायचे, नवे पॅड स्प्रिंगसकट आत, पिन, क्लिप, चाक, आणि शेवटी हँडलवरची ब्रेकची लिव्हर कडक होईपर्यंत दाबायची. हे शेवटचं विसरलं तर पहिल्याच उतारावर लिव्हर पोकळ जाते.

गरम हातांनी मला चार मिनिटं लागतात. मागच्या शनिवारी एकोणीस लागली होती. आज बारा झाली असती, पण क्लिप सुटली, फरशीवर टिंग असा आवाज आला आणि मोरीच्या जाळीतून गेली. मी तसाच बसून राहिलो, दोन्ही हात लाल, टोमॅटोसारखे. आई दारात उभी होती. म्हणाली, "खाली काहीतरी पसर की आधी. मी मंगळसूत्राचे मणी ओवताना मांडीवर पंचा घेते ते काय हौस म्हणून?"

एवढे व्हिडीओ बघितले, एकाही भल्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. जर्सीच्या मधल्या खिशात आता एक केशरी रुमाल कायमचा गेला. आणि क्लिप दोन जास्तीच्या.

कशासाठी चाललंय हे सगळं ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण कोणी विचारलं की मी हसण्यावारी नेतो.

मागच्या वेळी हिमाचलमध्ये, एमटीबी हिमालय या माऊंटन बाइकच्या रेसला, मी फिनिश केलं नाही. ही रेस २००५ पासून चालू आहे, तेव्हा शिमल्याहून सुटली होती, रूट दरवर्षी थोडा बदलतो, रोज एक स्टेज आणि रोज नवीन कॅम्प. मी पायांची तयारी भरपूर केली होती. सिंहगड आठवड्यातून तीनदा, रविवारी पाबे घाट, टेकडीवर इंटरव्हल. चढावर मी खरंच बरा चाललो होतो. माझा वांधा झाला तो उतारावर. दोन दिवस पाऊस आणि चिखल, त्यात वाळूचे कण, आणि माझे पॅड रेझिनचे, म्हणजे राळेचे. रेझिनचे पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, चावतातही छान, पण ओल्या रेतीत पॉलिश पेपरवर खडू घासावा तसे झिजतात. जलोरी खिंडीवरून खाली येताना लिव्हर हँडलला टेकायला लागली आणि मग तो आवाज, लोखंडावर लोखंड.

आता गंमत अशी की नवे पॅड माझ्या बॅगेत होते. सीलबंद पाकीट, वर ॲलनकी रबरबँडने बांधलेली. मी कडेला थांबलो, चाक काढलं, आणि पाकीट फाडताच येईना. दातांनी फाडलं. मग क्लिप दिसत होती पण बोटांना ती हातात आहे की नाही तेच कळत नव्हतं. हात काखेत घालून बसलो, फुंकर मारली, एकदा सरळ रडायला आलं. पंचवीसेक मिनिटं गेली असतील. मागून रेसचा मार्शल आला तेव्हा माझे दात इतके वाजत होते की नाव सांगता येईना. पुढचं सगळं सायकल हातात धरून, पायी. कटऑफ, म्हणजे स्टेज संपवायची शेवटची वेळ, कधीच गेला होता.

सामान होतं, डोकं चालू होतं, पायात दमही होता. नव्हती ती फक्त बोटं.

११ सप्टेंबर

पाबे घाट, सकाळी सहाला खानापूर, धो धो पाऊस. मुद्दाम असाच दिवस धरला. ऑफिसात सांगितलंय की डेंटिस्टकडे आहे.

एक गोष्ट आता डोक्यात पक्की बसलीये, की थंडी चढावर वाजत नाही पण तिची सोय चढावरच लावावी लागते. चढताना घामाने आतला बनियन पिळायच्या लायकीचा होतो, वर पोचलो की गरम वाटत असतं, छाती उघडी टाकून फोटो काढावासा वाटतो, आणि तसंच खाली सुटलं की पाच मिनिटांत तोच घाम बर्फासारखा. उतारावर पाय फिरत नाहीत, अंगात उष्णता तयार होत नाही, वारा चाळीसच्या स्पीडने अंगावर येतो, आणि हात तर ब्रेकवर नुसते धरून ठेवलेले. शरीर हुशार आहे, ते आधी पोट आणि छाती सांभाळतं आणि हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. म्हणून नियम असा केलाय की माथ्यावर पोचल्यावर, गरम वाटत असतानाच, जॅकेट, कोरडे ग्लोव्हज, जर्सीच्या आत छातीवर पेपरची घडी, मगच ब्रेक सोडायचे. पेपरची युक्ती जुन्या रेसर लोकांची, वारा अडवायला खरंच भारी चालते. ग्लोव्हजच्या आत केमिस्टकडचे निळे नायट्राईलचे हातमोजे घालून बघितले. घाम सुटतो, वास येतो, पण बोटं गरम राहतात. पाचशे रुपयांच्या आत प्रश्न सुटला की मला फार समाधान वाटतं.

अर्थात पाब्याची थंडी म्हणजे काही थंडी नाही. सिंहगड १३१२ मीटर, आपलं कळसूबाई धरलं तरी १६४६, आणि जलोरी ३१२०. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात, म्हणजे खाली पंधरा असेल तर वर काय ते बघा, आणि वर ओले कपडे. हवेचा दाबही तिथे समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशाच्या आसपासच, त्याचा सराव सह्याद्रीत कितीही बोंबललं तरी होत नाही. म्हणून यावेळी रेसच्या पाच दिवस आधी जातोय, दोन रात्री शिमल्यापुढच्या नारकंड्याला, एकदा हाटूच्या शिखरापर्यंत हळूहळू सायकल चढवायची, ते ३४०० मीटर आहे. मागच्या वेळी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो होतो, सुट्टी वाचवायला. वाचलेल्या सुट्टीचं लोणचं घातलं.

खाण्याचंही आज कळलं. तासाला साठेक ग्रॅम कार्ब्स पोटात गेले पाहिजेत, हे वाचायला सोपं आहे. राजगिरा लाडू पावसात खिशातच पीठ होतो. चिक्की गारठली की दाढेचं काम काढते. बाहेरच्या एनर्जी बारचं वेष्टन ओल्या ग्लोव्हजने फाटत नाही, मग आपण म्हणतो पुढच्या वळणावर खाऊ आणि पुढचं वळण येतच राहतं. आज आईच्या दशम्या नेल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, गुळाच्या, गुंडाळी करून बटर पेपरात, दोन्ही टोकं उघडी. वेल्ह्यापर्यंत चार गेल्या. भिजल्या तरी दशमीच राहते ती. बारच्या पाकिटांचे कोपरे मात्र घरूनच कापून न्यायचे, हे लक्षात ठेवायचं.

उतरताना एका म्हशीने रस्ता अडवला आणि तिच्या मालकाने मला अडवलं. म्हणाला, "पावसाचं कुठं निघालं एवढं नटूनथटून?" खरं उत्तर लांबलचक होतं. म्हटलं, "व्यायाम, मामा." तो म्हणाला, "मग आमच्या खुरपणीला या की."

१४ सप्टेंबर

सिंटर्ड पॅड आणले, म्हणजे धातूच्या भुकटीचे, चिखलात लवकर झिजत नाहीत. जरा करकरतात, गरम जास्त होतात, चालेल. खूश होऊन सायकलच्या दुकानातल्या काकांना दाखवले. काकांनी पॅड हातात घेतलेच नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून रोटरवर, म्हणजे पॅड जिला धरतात त्या चाकाच्या चकतीवर, बोट ठेवलं. बारीक अक्षरात कोरलंय, रेझिन पॅड ओन्ली. तीन वर्षं ही सायकल मी धुतोय, पुसतोय, ते कधी वाचलं नाही. या मऊ रोटरवर ते कडक पॅड लावले तर पॅडऐवजी रोटरच झिजला असता, आणि तो काही खिशात घालून नेता येत नाही.

"वाचायचं असतं ते," काका म्हणाले. एवढंच. त्यांच्याकडे ओरडण्याची पद्धत नाही, त्यामुळे जास्त लागतं.

रोटर दोन्ही बदलले. मग काकांनी सिंहगडाच्या उतारावर पाठवलं, पॅड बसवायला, म्हणजे स्पीड घ्यायचा, जोरात दाबायचं, पण चाक लॉक होऊ द्यायचं नाही, असं वीस-पंचवीस वेळा. टायरमधलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, वाळून रबराचं जाळं झालेलं, ते खरवडून नवं भरलं. चेनला ओल्या हवेचं घट्ट तेल. डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, एक जास्तीचा, कारण तो तुटला तर तोच मॉडेल डोंगरात मिळणं म्हणजे लॉटरी.

रायडिंगच्या पोरांमध्ये सध्या वजनाचं फार वेड आहे. आमच्यातल्या एकाने बोल्ट टायटेनियमचे घातले, अकरा ग्रॅम वाचले म्हणून सांगत होता. माझ्या बॅगेत आता रुमाल, पेपर, दोन जोड पॅड, हातपंप, नायट्राईल, जास्तीचे ग्लोव्हज. अकरा ग्रॅम त्याचे त्याला लखलाभ.

१९ सप्टेंबर

बर्फ, चौथी खेप. मांडीवर केशरी रुमाल. सात मिनिटं दहा सेकंद! क्लिप एकदा पडली पण रुमालावर. आईला हाक मारून दाखवलं, तिने "बरं" म्हटलं आणि मासेवाल्याचे पैसे दिलेस का विचारलं.

पॅडचं पाकीटही आता आधीच फाडून, झिपच्या पिशवीत ठेवलेलं. काखेतली ऊबही आधी घ्यायची, दोन मिनिटं, घड्याळ लावून. मागच्या वेळी घाईत ते नीट केलंच नाही, अर्धवट ऊब घेऊन परत परत बोटं गार करत बसलो.

२१ सप्टेंबर

पॅकिंग. प्रत्येक स्टेजची एक झिपची पिशवी, त्यात जर्सी, बिब म्हणजे पट्ट्यांची सायकलची चड्डी, मोजे, कोरडा बनियन, वर बायकोने स्केचपेनने नंबर टाकलेत. तिचं म्हणणं, "तू संध्याकाळी टेंटमध्ये बावळट होतोस, तुला विचार करायला लागू नये." खरंय ते, सहा तास सायकल चालवल्यावर मला मोज्याची जोडी जुळवता येत नाही. बिब जेवढ्या स्टेज तेवढ्या, यात काटकसर नाही. कालची दमट बिब आज घातली की तिसऱ्या दिवशी सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं, हा अनुभव आहे, तपशील देत नाही. सकाळी क्रीम, रात्री कैलास जीवन. टेंटमध्ये सगळ्यांना वास येतो, येऊ दे.

रद्दी मात्र वजनाच्या मानाने फार झालीये. भिजलेल्या शूजमध्ये बोळे कोंबायला, तासाभराने बदलायला, सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. आईने रविवारच्या पुरवण्या दिल्यात. शब्दकोडी सोडवलेली असलेल्याच न्यायच्या अशी अट आहे.

२३ सप्टेंबर, पहाट

बॉक्स टेपने बंद केला. पेडल काढले, हँडल वळवून फ्रेमला बांधलं, मागचा डिरेलर सोडवून फोममध्ये गुंडाळला, रोटरच्या फटीत पुठ्ठ्याचे तुकडे. मग आठवलं की केशरी रुमाल बॉक्समधल्या जर्सीत राहिलाय आणि तो मला जवळ हवाय, का ते माहीत नाही, ट्रेनमध्ये काही ब्रेक पॅड बदलायचे नाहीत. टेप फाडली, काढला, परत चिकटवली. बायको झोपेत म्हणाली, "झालं का रे?" म्हटलं, झालं.

आई दशम्यांचा डबा घेऊन आली. विचारलं, "तिकडे पाऊस आहे का रे आता?"

म्हटलं, बघितलं नाही अजून. रात्रीपासून अकरा वेळा बघितलंय.