मागचा पसारा

माझा चार वर्षांची असतानाचा एक फोटो आहे. चौकोनी, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला. मागे बाबांच्या अक्षरात 'मे ८४, मिरज'. रेल्वे क्वार्टर्सच्या परसात मी फ्रॉक घालून उभी आहे, आणि उन्हामुळे डोळे इतके बारीक केलेत की चेहरा म्हणजे नुसत्या आठ्या.

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा तो आईच्या हातात दिला. तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाशी धरला आणि म्हणाली, "अगं, ही माझी मोरपंखी!"

माझ्या मागे दोरीवर साडी वाळत होती. चाळीस वर्षांत मला ती कधी दिसली नव्हती, आणि आईला काळ्या-पांढऱ्यातही तिचा रंग दिसत होता. "विरली तेव्हा बोहारणीला दिली. ही, आणखी दोन, आणि ह्यांची पँट. त्यावर एक पातेलं आलं. तेच, ज्यात तू दूध उतू घालवायचीस." मग तांब्याचा बंब. मग भिंतीला टेकवलेली सायकल, आणि तिचं कॅरियर कोणी नेलं ते परत आणलंच नाही याची कथा. दहा मिनिटं हे चाललं होतं. फोटोतल्या मुलीबद्दल अवाक्षर नाही.

बाबांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. १२० नंबरचा फिल्म रोल, त्यात बारा फोटो. पाठीवरच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत गुंडी फिरवायची. ऊन आणि ढग, एवढ्याच दोन खुणा. बाकी जुळवण्यासारखं काही नाही. फार जवळून काढला की चेहरा धूसर यायचा, म्हणून बाबा आधी मोजून पावलं मागे जायचे. आम्ही ताटकळायचो. पण ते मागे गेले म्हणूनच बंब आला, सायकल आली, साडी आली. त्यांना ते नको असणार. "ती बादली बाजूला घ्या गं," असं ओरडल्याचं मला पक्कं आठवतंय.

माझ्या फोनमध्ये पोरांचे अकरा हजारांवर फोटो आहेत. त्यातले निम्मे तरी पोर्ट्रेट मोडवर, म्हणजे चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. मला ते फार आवडायचे, लग्नाच्या फोटोग्राफरने काढल्यासारखे. धाकट्याचा जन्म कळव्याच्या भाड्याच्या घरातला. मिरजेहून परतल्यावर ते घर बघावंसं वाटलं, म्हणून त्याचं पहिलं वर्ष शोधून काढलं. त्याच्या पापण्या मोजता येतात. घर कुठेच नाही. डोक्यामागे नुसता हिरवा धुरळा. तो पडदा होता, असं नवऱ्याचं म्हणणं. माझ्या मते तो घरमालकाचा जुना फ्रिज. अजून ठरलेलं नाही.

तो मोड काही मोठी लेन्स लावत नाही. काय जवळ, काय लांब याचा फोन अंदाज करतो आणि लांबचं पुसतो. अंदाज चुकला की जवळचंही जातं. एका फोटोत धाकट्याचं जावळ अर्धं गायब आहे, आणि ते जावळ आता पुन्हा कुठून आणणार? तुळजापूरला दिलं ते.

आता मीही मागे सरकते. स्वयंपाकघराच्या दारात खाली फतकल मारून बसते, म्हणजे धाकट्याच्या उंचीवर येते आणि पलंगाखालचं सगळं दिसतं: एक चप्पल, कॅरमची सोंगटी, गेल्या वर्षीच्या राख्या. आमची गॅलरी पूर्वेची, सकाळी सात-साडेसातला सरळ हॉलभर उजेड येतो. रात्री ट्यूबलाइटमध्ये मी काढतच नाही. धावतं पोर स्पष्ट यायला फोटो सेकंदाच्या अडीचशेव्या भागात तरी टिपला गेला पाहिजे, आणि तेवढ्या उजेडात फोनला ते झेपत नाही. हाताच्या जागी पंखा येतो. आणि "इकडे बघ, हास" म्हणणं बंद. तसं म्हटलं की हा सगळे दात दाखवतो, दंतमंजनाच्या जाहिरातीसारखा.

थोरली अकराची झालीय. तिचा वेगळा कायदा: आधी विचारायचं, काढल्यावर दाखवायचा, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही. मी दोनदा कायदा मोडला. दुसऱ्यांदा ती दोन दिवस बोलली नाही. बरोबर होतं तिचं. माझ्या आईने माझे कोणाला दाखवले असते, तर ते घरी चहाला आलेल्यांना; आमच्या ग्रुपवर सदुसष्ट माणसं आहेत, त्यातली वीस मला ओळखू येत नाहीत.

जूनमधला एक फोटो मी छापून आणला. धाकटा फरशीवर पालथा पडून 'ळ' गिरवतोय, एवढासा दिसतो. मागे स्टँडवर रेनकोट, खुर्चीच्या पाठीवर नवऱ्याचा टॉवेल, ओट्यावर कुकर, दारातून थोरलीचा फक्त पाय, कारण तिने तेवढ्यालाच परवानगी दिली होती. बाबांसारखं मागे लिहायला गेले तर त्या गुळगुळीत कागदावर बॉलपेन उमटेना, जे उमटलं ते अंगठ्याला लागलं. शेवटी सीडीवर लिहायचा मार्कर सापडला.

छापलेला तो फोटो कौतुकाने आईला कुरिअरने पाठवला. तिचा फोन आला.

"छान आहे गं. पण हा ठेव तुमच्याकडे. मला नुसत्या पोराचा पाठव, जवळून काढलेला. मागे केवढा पसारा तो! शेजारच्या काकूंना काय दाखवू मी?"