चौदा, आणि 'फक्त' एक

शेजारच्या आजोबांनी माझ्या पिशवीतलं एक पीच उचललं. मला वाटलं, खातील. पण त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून फळाच्या कडेला गोल केला, बेसबॉल धरावा तशी उरलेली तीन बोटं वरून टाकली आणि म्हणाले, "हा ग्लॅव्हिनचा चेंजअप. हात फास्टबॉलसारखाच फिरवायचा, चेंडू मात्र उशिरा पोचतो." बोटं सांधेदुखीने वाकलेली, पण पकड अशी, की मला शिवाजी पार्कच्या नेटमधले आमचे सरच आठवले.

अटलांटात ब्रेव्हजचं, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाचं, नाव काढलं की आधी सुस्कारा ऐकू येतो. १९९१ ते २००५, सलग १४ वेळा विभागाचं विजेतेपद. (१९९४ चा हंगाम संपामुळे अर्धवट राहिला म्हणून तो धरायचाच नाही. हा हिशेब मला जरा सरकारी वाटतो.) आणि त्या काळात वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका? एक, १९९५ ची. आजोबाही संघाच्या तीन पिचरांबद्दल (म्हणजे गोलंदाजांबद्दल) तेच म्हणाले, "मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ, तिघेही हॉल ऑफ फेममध्ये. आणि फक्त एक!"

या 'फक्त'ने माझं डोकं फिरतं. वर्षाला १६२ सामने खेळून पुन्हा पुन्हा पहिलं यायचं, आणि ऑक्टोबरातल्या सात सामन्यांवरून तुमची किंमत ठरणार? आमचे मामाही दर फोनला विचारतात, "ग्रीन कार्ड आलं का रे?" मधल्या अकरा वर्षांत नोकरी टिकवली, दर वेळी व्हिसा वाढवून घेतला, ते कुणी मोजत नाही. असो.

हल्ली रात्री मी जुने सामने बघत बसतो, तेही मॅडक्ससाठी. मैदानाबाहेर चष्मा, अंगकाठी बँकेतल्या कॅशिअरची. फास्टबॉल ताशी नव्वद मैलांच्या आसपास, म्हणजे त्या दुनियेत मध्यमगतीच. डावखुऱ्या फलंदाजाला वाटतं, चेंडू आपल्या कमरेवरच येतोय. तो अंग चोरून मागे सरतो, आणि चेंडू शेवटच्या क्षणी आत वळून प्लेटची, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीची, कड घेतो. अंपायरचा हात वर. फलंदाजाचा चेहरा बघण्यासारखा! १९९२ ते १९९५ सलग चार साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे, पुरस्कार, त्यातला पहिला शिकागो कब्जकडून खेळताना. १९९५ मध्ये १९ विजय, २ पराभव. वेगाशिवाय हे जमतं, हे आम्हा फिरकीवर वाढलेल्यांना नव्याने सांगायला नको.

स्मोल्ट्झचं वेगळंच. १९९६ ला २४ विजय, पुढे कोपराची शस्त्रक्रिया, मग शेवटची इनिंग सांभाळायचं काम. २००२ मध्ये त्याचे ५५ सेव्ह, म्हणजे इतक्या वेळा शेवटी येऊन आघाडी राखली. आणि त्यानंतर गडी पुन्हा सुरुवातीचा पिचर!

त्या एकमेव सिरीजचा सहावा सामना आजोबांना पाठ आहे. ग्लॅव्हिनच्या आठ इनिंग, क्लीव्हलँडला एकच हिट, डेव्हिड जस्टिसचा होमरन, १-०.

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, आमच्या मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वेळा रणजी जिंकली. "त्यात देश किती?" आजोबांनी विचारलं. एकच, पण तुमच्या 'वर्ल्ड'मध्ये तरी अमेरिकेबाहेरचं एक टोरांटो सोडून आहे कोण? यावर ते कसनुसं हसले, कारण १९९२ ची सिरीज त्याच टोरांटोने ब्रेव्हजकडून नेली होती.

मग शिवलकरांचं सांगितलं. पद्माकर शिवलकर, १९७२-७३ ची रणजी फायनल, मद्रास. पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी. भारताकडून कसोटी सामने शून्य.

"शून्य? का?" आजोबांनी पीच खाली ठेवलं.

म्हटलं, बेदी. तेही डावखुरे फिरकीपटू, त्याच काळातले. आता बेदींचा फ्लाइट समजावून सांगायचा म्हणजे हातात काहीतरी हवं, म्हणून पिशवीतलं दुसरं पीच काढलं.