दुसऱ्या गिअरचा हिशेब

हातानं गिअर टाकायची गाडी आता वेगासाठी कुणी घेत नाही. गिअर माणूस लवकर बदलतो की यंत्र, या भांडणाचा निकाल केव्हाच लागला. 1989 साली नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलची ग्रांप्री जिंकली ती फेरारी 640 घेऊन. गाडीची ती पहिलीच शर्यत होती आणि तिचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलत होते. पुढे 2003 मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आर32 ला आपोआप गिअर बदलणारी दोन क्लचची गिअरपेटी बसवली आणि तोच प्रकार रोजच्या रस्त्यावर आला. आज असली पेटी गिअर बदलून मोकळी होते, तेव्हा आपला डावा पाय नुकताच क्लचकडे निघालेला असतो. म्हणजे तीन पॅडलची, क्लचवाली गाडी मागणारा माणूस हरायचं ठरवूनच शोरूममध्ये शिरतो. आणि आत गेल्या गेल्या विचारतो काय, तर ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’

मी वेगळं विचारतो. दुसरा गिअर कुठपर्यंत खेचतो?

वळणावळणाच्या रस्त्यावर खरी मजा दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची. पहिला गाडी हलवण्यापुरता, वरचे सगळे हमरस्त्यावर निवांत पडून राहण्यासाठी. आता पोर्शची 718 केमन जीटी4 घ्या. चार लिटरचं, टर्बो नसलेलं, सहा सिलिंडरचं इंजिन; 8000 आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत, गात जातं. त्या इंजिनाला नावं ठेवणाऱ्याचे कान तपासायला हवेत. पण दुसरा गिअर असा लांबलचक की तो संपेस्तोवर काटा ताशी 130 च्या पुढे गेलेला असतो. जगातल्या बहुतेक घाटरस्त्यांवर याचा अर्थ एवढाच, की ते गाणं पूर्ण ऐकायचं तर लायसन्सवर पाणी सोडायचं. मग माणूस एकदा हिय्या करून ऐकतो, आणि उरलेला रस्ता तिसऱ्यात गुरगुरत काढतो. गिअरचा दांडा आहे, तो सुरेखही आहे, पण त्याला काम नाही.

त्याच्या शेजारी माझदाची एमएक्स-5 उभी करा. दोन लिटर, 184 अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास. आकडे वाचून कुणी भुवईसुद्धा उचलणार नाही. पण हिचा दुसरा गिअर शंभरच्या आसपास संपतो आणि तोवर इंजिन 7500 पर्यंत जाऊन आलेलं असतं. वळण आलं की खाली, वळण सुटलं की वर. दांड्याची चाल आखूड, मनगटाची. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं माझदाचे लोक या गाडीबद्दल 1989 पासून सांगत आले आहेत. जाहिरातीतली भाषा मी सहसा मनावर घेत नाही, इथे घेतो. कमी ताकदीची गाडी पूर्ण पिळून चालवण्यात जे सुख आहे, ते जास्त ताकदीची गाडी जपून चालवण्यात नाही.

होंडाच्या एस2000 वर नेहमी होणारा आरोपही मला म्हणूनच पटत नाही. ‘खाली दम नाही’ म्हणतात. नाहीच. सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचे, म्हणजे इंजिनाच्या झडपा जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचे, वरचे कॅम लागू होतात आणि तिथून 9000 पर्यंत ती जागी असते. त्याच्या खाली ती एखाद्या शहाण्यासुरत्या घरगुती गाडीसारखी वागते. मग तिला जागी ठेवायची तर हात सतत दांड्यावर हवा. हा दोष कसा? मॅन्युअल गाडीच्या खरेदीचं तेच तर कारण होतं! उलट दोन हजारांपासून कुठल्याही गिअरमध्ये मुकाट ओढणारं टर्बो इंजिन असलं, की गिअर बदलणं ऐच्छिक विषय होऊन बसतो. दुर्दैवानं एस2000 चं उत्पादन 2009 मध्ये थांबलं. आता घ्यायची तर आधीच्या मालकानं तिला नऊ हजारांपर्यंत कशी नेली, थंड इंजिनावर की तापवून, याची चौकशी करत बसावं लागतं.

टर्बोवाल्यांत सिव्हिक टाइप आर मला अपवाद वाटते. ती ऑटोमॅटिकमध्ये मिळतच नाही, आणि तिचा दांडा असा खटकन, हाडात जाणवेल असा बसतो की गरज नसताना गिअर बदलावेसे वाटतात. दांड्याची मूठ अ‍ॅल्युमिनियमची. उन्हात उभी केलेली गाडी काढताना तिला हात लावणं हा एक वेगळाच क्रीडाप्रकार आहे. खाली गिअर टाकताना आरपीएम आपोआप जुळवून द्यायची सोय त्यात आहे आणि, देवाची कृपा, ती बंदही करता येते. निसाननं 370झेडमध्ये ही सोय दिली तेव्हापासून तिच्यावरून वाद चालू आहे. माझं मत सरळ आहे. उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक दाबलेला, त्याच पायाची कड एक्सलरेटरला टिचकी मारतेय, डावा पाय क्लचवर, आणि गिअर लोण्यासारखा आत. ही कसरत दहापैकी सात वेळा जमणं हे दहाच्या दहा वेळा संगणकानं करून देण्यापेक्षा मोलाचं. उरलेल्या तीन वेळा शेजारी बसलेल्याकडे बघू नये.

त्यासाठी ब्रेक आणि एक्सलरेटर नीट अंतरावर हवेत, आणि हे कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. क्लच नेमका कुठे पकडतो हेही नसतं. पाय उचलल्यावर आरपीएम झटकन उतरतात की रेंगाळतात, तेही नाही. प्रदूषणाच्या नियमांपायी अनेक नवी इंजिनं रेंगाळतात; दुसऱ्यातून तिसरा टाकताना आपण तयार आणि इंजिन अजून विचारात. दहा मिनिटांच्या चाचणीत हे सगळं कळतं, मात्र त्या दहा मिनिटांत विक्रेत्याचं बोलणं ऐकायचं नाही.

कंपन्यांनाही हे उमगायला वेळ लागलाच. 2013 ची 911 जीटी3 पोर्शनं फक्त पीडीके, म्हणजे त्यांच्या दोन क्लचच्या पेटीसह काढली, कारण ट्रॅकवर फेरीची वेळ कमी येते. गिऱ्हाइकांनी गळा काढला. 2016 मध्ये फक्त मॅन्युअल असलेली 911 आर आली, 991 गाड्यांपुरती, आणि पुढच्याच वर्षी जीटी3 मध्ये क्लचचं पॅडल परत आलं. ह्युंदाईनं तर आयोनिक 5 एन या विजेच्या गाडीत खोटे गिअर बसवले आहेत, आवाजासकट. हसू येतं खरं, पण कुणाला तरी ते हवेसे वाटले म्हणूनच ना?

तर माझी निवड एमएक्स-5. फक्त 2019 च्या आधीची घेत असाल तर एक लक्षात घ्या, तिचं स्टिअरिंग वरखाली होतं, पुढेमागे होत नाही. उंच माणसानं इंजिन चालू करण्याआधीच क्लच पूर्ण दाबून, परत सोडून, गुडघा कुठे आपटतो ते पाहावं. आपटत असेल तर सरळ टोयोटाची जीआर86 बघावी. मधल्या आरपीएमवर तिच्या आधीच्या जीटी86 चा दम जिथे तुटायचा, तिथे हिचं 2.4 लिटर इंजिन खेचतं. मागे दोन सीटही आहेत. त्यांवर माणसं बसत नाहीत, पण बॅगा बसतात.