टोमॅटोची भुरी आणि एमएलओ जनुक

भुरीला (पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला) तोंड देणारा टोमॅटो करायला बाहेरून जनुक आणावं लागत नाही, टोमॅटोचंच एक बंद पाडलं की काम होतं. पानाच्या वरच्या पेशीत शिरताना भुरीच्या बुरशीला एसएलएमएलओ१ या जनुकाचा (टोमॅटोतल्या एमएलओ जनुकाचा) आधार लागतो. ते निकामी असलं की बुरशी पेशीच्या भिंतीपाशीच अडते. बार्लीत असा वाण क्ष-किरणांनी १९४२ मध्येच मिळाला होता. टोमॅटोत इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेने २०१७ मध्ये ‘मनीमेकर’ या वाणातून क्रिस्परने (ठरावीक जागी डीएनए कापायच्या तंत्राने) या जनुकातले ४८ बेस, म्हणजे डीएनएची ४८ अक्षरं, उडवले, तेही दहा महिन्यांच्या आत.

रोपाच्या बीजपत्रांचे तुकडे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूसोबत ठेवतात, तो क्रिस्परची जनुकं पेशींत पोचवतो. मग कॅनामायसिन या प्रतिजैविकावर तगलेले कोंब वाढवतात. एवढ्याने बदल झाला असं धरू नये. ४८ बेसचा फरक ८०० बेसच्या पीसीआर तुकड्यात (पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढणं) एक टक्क्याच्या जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या अॅगॅरोजच्या थरावर, डोळ्यांना नीट दिसत नाही. तुकडा २००-२५० बेसचा ठेवा आणि तीन टक्के अ‍ॅगॅरोज वापरा. पहिल्या पिढीचं झाड मिश्र पेशींचं (काहींत बदल, काहींत नाही) असू शकतं, म्हणून वेगवेगळ्या फांद्यांची तीन पानं तपासा.

पुढच्या पिढीत दोन गोष्टी एकाच रोपात हव्यात: जनुकाच्या दोन्ही प्रती तुटलेल्या आणि कॅस९ (बाहेरून घातलेलं, डीएनए कापणारं क्रिस्परचं जनुक) गेलेलं. मूळ झाडात एकच प्रत तुटलेली आणि कॅस९ एकाच जागी बसलेलं असेल, तर असं रोप सोळात एक निघतं. वीस बिया पेरून थांबणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा काहीच लागत नाही. साठ तरी पेरा.

खरी अडचण बियाण्याच्या बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती तुटलेल्या असल्या तरच दिसतो. आपल्याकडे नारायणगाव, नाशिककडे लागतात ते बहुतेक संकरित वाण. त्यांत नर आणि मादी यांपैकी एका जरी ओळीत जनुक तुटलेलं नसेल तर संकरावर भुरी येणारच. बॅकक्रॉस (मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) करतानाही गुण बाहेरून दिसत नाही, प्रत्येक पिढीत पीसीआर करावाच लागतो.

भारतात मार्च २०२२ पासून बाहेरचं जनुक न उरलेल्या अशा संपादित वाणांना जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांच्या बऱ्याच नियमांतून सूट आहे, पण कॅस९ उरलं नाही हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. करपा किंवा फ्युजारियमची मर यावर याचा भरवसा धरू नका. पानाच्या खालून रंध्रांतून शिरणाऱ्या लेव्हिल्युला भुरीसाठी मात्र वेगळी चाचणी घ्या, कारण ती वरच्या पेशीच्या भिंतीवर अडून बसत नाही.